सिनिक: कुत्र्यावरून आलेला अविश्वास

‘तो हल्ली फार सिनिकल झालाय,’ असं आपण सहज बोलून जातो. निवडणूक आली की ‘सगळे एका माळेचे मणी’ म्हणून घरी बसणारा, कुणी शाळेला देणगी दिली की ‘काहीतरी काम अडलं असेल’ म्हणणारा, दोघांची मैत्री दिसली की तिच्यात आधी मतलब शोधणारा, अशा माणसासाठी हा शब्द आता मराठी बोलण्यात पक्का रुळला आहे. इंग्रजी कोशांतला अर्थही तोच. माणूस जे करतो ते शेवटी स्वार्थासाठीच करतो आणि चांगुलपणा हा वरवरचा मुलामा असतो, असं मानणारा तो सिनिक. आपल्याकडचा ‘दोषैकदृष्टी’ हा जुना शब्द त्याच्या बराच जवळ जातो, पण तो फक्त नजरेबद्दल बोलतो. सिनिक म्हटलं की त्या नजरेमागची ठाम खात्रीही आली.

या शब्दाचा इतिहास पाहू गेलं की माणूस चक्रावतो. ज्यांना पहिल्यांदा सिनिक म्हटलं गेलं, त्यांचा सद्गुणावर इतका विश्वास होता की त्यापायी त्यांनी घरदार, पैसा आणि प्रतिष्ठा सोडली. सुमारे चोवीसशे वर्षांच्या प्रवासात शब्द तोच राहिला आणि त्यातला विश्वास गळून पडला.

इंग्रजीत अविश्वासाच्या घराण्यातले आणखी दोन शब्द सिनिकच्या शेजारी नेहमी दिसतात आणि त्यांची गल्लत होते, म्हणून ते आधी वेगळे करून ठेवतो. ‘सस्पिशस’ म्हणजे संशयी. तो लॅटिनमधून आला: ‘सब’ म्हणजे खालून आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणं. भुवईखालून वर पाहणारी ती नजर सगळ्यांच्या परिचयाची आहे. ‘स्केप्टिक’ हा शब्द ग्रीक. त्याच्याही मुळाशी पाहणंच आहे, पण निरखून, तपासून पाहणं. भाषाशास्त्रज्ञ या दोन्ही शब्दांचं मूळ एकच मानतात. संस्कृतातलं ‘पश्यति’ त्याच मुळातलं, आणि ऋग्वेदात वरुणाच्या हेरांना ‘स्पश’ म्हटलं आहे तेही तिथलंच. सेक्स्टस एम्पिरिकस या प्राचीन ग्रीक वैद्याने स्केप्टिकची ओळख फार स्वच्छ करून दिली आहे. सत्य सापडलं म्हणणारे एक, ते सापडणारच नाही म्हणणारे दुसरे, आणि अजून शोधतो आहे म्हणणारा तो स्केप्टिक. त्याचा प्रश्न उघडा असतो. पुरावा दिलात तर तो मान्य करील. आजच्या अर्थाचा सिनिक पुराव्याची वाट पाहत नाही. त्याच्यापुरता निकाल आधीच लागलेला असतो.

आता मूळ शब्द. ग्रीकमध्ये कुत्र्याला ‘कुओन’ म्हणतात. त्याची षष्ठी ‘कुनोस’, म्हणजे कुत्र्याचा. त्यावरून ‘कुनिकोस’, कुत्र्यासारखा. हाच शब्द लॅटिनच्या वाटेने सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘सिनिक’ म्हणून आला. संस्कृत शिकलेल्या वाचकाला इथे ओळखीचं काही दिसेल. संस्कृतात कुत्रा म्हणजे ‘श्वा’ आणि त्याची षष्ठी ‘शुनः’. कुओन-कुनोस, श्वा-शुनः. ही जुळणी योगायोगाने झालेली नाही. मूळ भारोपीय भाषेतला ‘क’सारखा एक ध्वनी ग्रीक-लॅटिनमध्ये ‘क’ राहिला, संस्कृतात त्याचा ‘श’ झाला आणि इंग्रजी-जर्मनच्या शाखेत ‘ह’ झाला. लॅटिन केंटुम, संस्कृत शतम्, इंग्रजी हंड्रेड ही त्याची ठरलेली शाळकरी उदाहरणं. त्याच वाटेने लॅटिन कानिस, संस्कृत श्वा आणि इंग्रजी हाउंड. म्हणजे ‘सिनिक’ आणि आपलं ‘श्वान’ एकाच कुळातले आहेत.

हे कूळ आकाशापर्यंत पोचलेलं आहे. व्याधाच्या, म्हणजे ग्रीकांच्या ‘कुत्र्या’च्या, आधी उगवणाऱ्या एका ठळक ताऱ्याला ग्रीकांनी ‘प्रोकुओन’ म्हटलं, कुत्र्याच्या आधीचा. आपल्याकडच्या आकाशदर्शनाच्या पुस्तकांत त्याचं नाव ‘प्रश्वा’ आहे. इंग्रजीत ‘सायनोशुअर’ म्हणजे सगळ्यांच्या नजरा जिच्यावर खिळतात अशी व्यक्ती किंवा वस्तू. त्याचा ग्रीक अर्थ मात्र कुत्र्याचं शेपूट. ध्रुवतारा ज्या तारकासमूहात आहे त्याला हे नाव होतं आणि दिशा चुकू नये म्हणून खलाशी त्याच्याकडे डोळे लावून असत. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाच्या एका भावाचं नाव शुनःपुच्छ आहे. अर्थ अगदी तोच, कुत्र्याचं शेपूट. असे धागे हाती लागले की भाषांचा अभ्यास करणाऱ्यांचा हेवा वाटतो.

पण तत्त्ववेत्त्यांना कुत्रा का म्हणावं? याची दोन स्पष्टीकरणं दिली जातात. पहिलं जागेवरून. अथेन्सच्या तटाबाहेर ‘कुनोसार्गेस’ नावाची एक व्यायामशाळा होती. नावात कुत्रा आहेच. आईवडिलांपैकी एकजण अथेन्सचा नागरिक नसलेल्या मुलांना तिथे प्रवेश होता. सॉक्रेटिसचा शिष्य अँटिस्थेनिस तिथे शिकवायचा. त्याची आई थ्रेसची होती, असं परंपरा सांगते. सद्गुण हा शिकता येतो, आणि सुखी व्हायला तेवढा पुरतो, ही त्याची शिकवण. या जागेवरून पंथाला नाव पडलं, असं काही जुने लेखक सांगतात. दुसरं स्पष्टीकरण जास्त पटण्यासारखं आहे आणि बहुतेक अभ्यासक तेच धरतात: ही शिवी होती. होमरच्या काळापासून ग्रीकांमध्ये कुत्रा म्हणजे निर्लज्ज. चारचौघांत खाणारा, कुठेही झोपणारा, कुणाचीही भीड न बाळगणारा. अशा एका माणसाला अथेन्सच्या लोकांनी ही शिवी दिली आणि त्याने ती पदवीसारखी मिरवली. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात एक वचन नुसतं ‘कुत्र्याचं’ म्हणून दिलं आहे. नाव सांगायची गरज त्याला वाटली नाही, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला तो कोण ते ठाऊक होतं.

तो डायोजिनीज. काळ्या समुद्राच्या काठावरच्या सिनोपे या शहरातला. आज ते तुर्कस्तानात आहे. त्याने स्वतः लिहिलेलं काहीही टिकलेलं नाही. आपल्याला माहीत असलेल्या बहुतेक गोष्टी इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या, नावातही त्याच्याशी साम्य असलेल्या डायोजिनीज लाएर्शिअस या लेखकाच्या संग्रहातून येतात. मधे पाचशेहून जास्त वर्षं गेली होती. त्यामुळे प्रत्येक किस्सा घडलेलाच असेल असं मानू नये. पण इतके किस्से एकाच स्वभावाकडे बोट दाखवतात, तेव्हा त्या स्वभावाबद्दल शंका राहत नाही.

त्याचा बाप हिकेसिअस सावकार होता आणि शहराच्या नाण्यांचा कारभार त्याच्याकडे होता. नाण्यांत काहीतरी घोटाळा झाला. कुणी म्हणतं बापाने केला, कुणी म्हणतं लेकाने. डायोजिनीजला शहर सोडावं लागलं. सिनोपेच्या त्या शतकातल्या नाण्यांत छिन्नीने घाव घालून बाद केलेली नाणी खरोखर सापडली आहेत, आणि काही नाण्यांवर हिकेसिअस हे अधिकाऱ्याचं नावही आहे. म्हणजे गोष्टीच्या मुळाशी काही तथ्य असावं. पण या घटनेचं पुढे जे झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. ग्रीकमध्ये नाण्याला ‘नोमिस्मा’ म्हणतात आणि रूढीला, कायद्याला ‘नोमोस’. दोन्ही एकाच मुळातले, कारण नाणंही लोकांनी मान्य केलं म्हणूनच चालतं. ‘चलनावरचा छाप खोडून काढ’ असं देववाणीने सांगितलं आणि डायोजिनीजने ते समाजात चालणाऱ्या नाण्यांबद्दल घेतलं, असं त्याच्या परंपरेने मानलं. प्रतिष्ठा, घराणं, श्रीमंती, पदव्या ही सगळी चलनात असलेली नाणी. ती खणखणीत आहेत की खोटी, हे वाजवून पाहायचं आणि खोटी निघाली तर बाद करायची. पुढे सगळ्या सिनिकांनी हे आपलं काम मानलं.

मला या सबंध इतिहासात हीच जागा सर्वांत मोलाची वाटते. नाणं खोटं आहे असं म्हणायला खरं नाणं काय ते माहीत असावं लागतं. डायोजिनीजचा अविश्वास रूढींवर होता आणि माणसाच्या मूळ घडणीवर त्याचा पूर्ण भरवसा होता. निसर्गाने माणसाला सुखाने जगायला पुरेसं दिलं आहे, अडचण आहे ती आपण वर चढवलेल्या गरजांची, असं तो म्हणे. आणि ती पुटं सरावाने काढता येतात. ग्रीकमध्ये या सरावाला ‘आस्केसिस’ म्हणत. शब्द खेळाडूंच्या आखाड्यातला.

अथेन्सच्या भर बाजारपेठेत, देवमातेच्या मंदिरापाशी तो एका ‘पिथोस’मध्ये राहायचा. इंग्रजी पुस्तकांतून आपल्यापर्यंत तो पिंप किंवा लाकडी टब होऊन आला. पण पिथोस म्हणजे तेल, दारू, धान्य साठवायचं भलंमोठं मातीचं भांडं. मराठीत त्याला सरळ रांजण म्हणता येतं. फ्रेंच चित्रकार जेरोमने १८६० मध्ये काढलेलं चित्र या बाबतीत नेमकं आहे. त्यात तो मातीच्या रांजणात बसून दिवा पेटवतो आहे आणि समोर कुत्री बसली आहेत. उन्हाळ्यात तो तापलेल्या वाळूत लोळायचा, हिवाळ्यात बर्फाने माखलेल्या पुतळ्यांना मिठी मारायचा. एका मुलाला ओंजळीने पाणी पिताना पाहिलं आणि याने आपला पेला फेकून दिला. साधेपणात एक पोर आपल्या पुढे गेलं याचं त्याला वाईट वाटलं. एकदा तो पुतळ्यासमोर हात पसरून भीक मागत उभा राहिला. का, म्हणून विचारल्यावर सांगितलं की नकार ऐकायचा सराव करतो आहे. लोक हसले असतील, पण ज्याला नकाराची भीती उरली नाही त्याला लाच देता येत नाही आणि धमकीही देता येत नाही. अलेक्झांडर कोरिंथमध्ये त्याच्यासमोर उभा राहून हवं ते माग म्हणाला, तेव्हा याने त्याला फक्त उन्हातून बाजूला व्हायला सांगितलं, ही जगप्रसिद्ध गोष्ट त्या पुतळ्यासमोरच्या सरावाचंच फळ आहे.

दिव्याची गोष्टही अशीच प्रसिद्ध. भरदिवसा दिवा घेऊन तो बाजारात फिरायचा आणि माणूस शोधतोय म्हणायचा. पुढच्या काळात यात ‘प्रामाणिक’ हे विशेषण घुसलं, आणि गोष्टीचा अर्थ झाला की डायोजिनीजला जगात एकही प्रामाणिक माणूस भेटला नाही. आजच्या सिनिकला हा अर्थ फार सोयीचा आहे. मूळ ग्रीकमध्ये विशेषण नाही; तो नुसता माणूस शोधतो. उपाध्या आणि मुखवटे उतरवलेला माणूस. शोधण्यासारखं काही नाहीच अशी ज्याची खात्री आहे, तो कशाला दिवा पेटवील?

‘कुठला तू?’ या प्रश्नाला त्याने ‘कोस्मोपोलितेस’ असं उत्तर दिलं, म्हणजे विश्वाचा नागरिक. ज्या काळात माणसाची सगळी किंमत त्याच्या शहरावरून ठरायची, त्या काळात शहराबाहेर घालवलेल्या माणसाने हे म्हणावं याला फार मोठं धैर्य लागतं. इंग्रजीतला ‘कॉस्मोपॉलिटन’ त्यातूनच आला. आणि कुत्रा म्हणवून घेण्याबद्दल विचारलं तर तो सांगायचा, जे देतात त्यांच्यापुढे मी शेपूट हलवतो, देत नाहीत त्यांच्यावर भुंकतो आणि नीच माणसाला चावतो. नंतरच्या भाष्यकारांनी या उपमेत आणखी एक गुण घातला: कुत्रा राखण करतो, आपला कोण आणि परका कोण हे ओळखतो. कोरिंथला त्याच्या समाधीवर खांब उभारून वर संगमरवरी कुत्रा बसवला होता, अशी नोंद आहे.

डायोजिनीजचं बोलणं कडवट होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याचा शिष्य म्हणून ओळखला जाणारा थीब्जचा क्रेटीज मात्र अगदी वेगळ्या स्वभावाचा. मोठी इस्टेट सोडून तो काठी आणि झोळी घेऊन फिरू लागला. अथेन्समध्ये त्याला ‘दार उघडणारा’ म्हणत. तो कुणाच्याही घरात जाऊ शकायचा आणि घरातली भांडणं मिटवायचा; लोक त्याची वाट पाहायचे. मारोनियाच्या चांगल्या घरातली हिपार्किया त्याच्या विचारांनी भारावली आणि त्याच्याशीच लग्न करीन म्हणून हटून बसली. तिच्या आईबापांच्या विनंतीवरून क्रेटीजने तिला परावृत्त करून पाहिलं. शेवटी अंगावरची वस्त्रं उतरवून तो तिच्यासमोर उभा राहिला, की हा नवरा आणि एवढीच त्याची मालमत्ता. तिने होकार दिला, त्याच्यासारखीच जाडंभरडं वस्त्र पांघरून ती त्याच्याबरोबर फिरली आणि पुरुषांच्या बैठकीत बसून वाद घातले. मागावर बसायचं सोडून हे काय, असं एका विद्वानाने तिला हिणवलं, तेव्हा तिने विचारलं की जो वेळ मागावर गेला असता तो मी शिक्षणात घातला, यात माझं चुकलं का? ही इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरची गोष्ट आहे. क्रेटीजच्याच हाताखाली झेनो शिकला आणि त्याने स्टोइक पंथ काढला. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस ज्या विचारांवर जगला त्यांचं एक मूळ असं या रांजणात आहे.

भारताशीही या पंथाची गाठ पडली. अलेक्झांडरच्या स्वारीत ओनेसिक्रिटस नावाचा खलाशी होता आणि तो डायोजिनीजचा शिष्य होता. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये तक्षशिलेजवळ नग्न तपस्वी आहेत असं कळल्यावर अलेक्झांडरने त्यालाच त्यांच्याकडे पाठवलं. तपस्वी उन्हात तापलेल्या दगडांवर बसले, उभे किंवा आडवे पडले होते. त्यांच्यातला एक, ज्याला ग्रीकांनी कालानोस म्हटलं, त्याने ऐकायचं असेल तर आधी कपडे काढून आमच्यासारखा दगडांवर ये असं सांगितलं. दुसरा वृद्ध, मंदानिस, अधिक सौम्य होता. संवाद तीन दुभाष्यांमार्फत चालला होता. आपलं बोलणं त्यांच्यातून पलीकडे जाताना चिखलातून स्वच्छ पाणी वाहण्याची अपेक्षा करण्यासारखं आहे, अशी खंत मंदानिसने केली. ओनेसिक्रिटसने त्याला पायथागोरस, सॉक्रेटिस आणि आपला गुरू डायोजिनीज यांच्याबद्दल सांगितलं. ही हकिगत स्ट्रेबोच्या भूगोलग्रंथात आलेली आहे. ओनेसिक्रिटसने आपल्या गुरूचेच विचार त्या तपस्व्यांच्या तोंडी घातले असावेत, असं काही अभ्यासक म्हणतात. तसं असू शकेल. तरी त्या तापलेल्या दगडांवर एकमेकांना ओळखावं असं दोन्ही बाजूंकडे बरंच काही होतं.

आपल्याकडेही कुत्र्यासारखं जगण्याचं व्रत घेणारे होते. मज्झिमनिकायातल्या एका सुत्तात सेनिय नावाचा नग्न तपस्वी येतो; तो कुक्कुरव्रती, म्हणजे कुत्र्यासारखं अंग मुडपून बसणारा, जमिनीवर टाकलेलं खाणारा. या व्रताने याला काय मिळेल असं त्याचा सोबती बुद्धाला विचारतो, आणि बुद्ध नाइलाजाने सांगतो की कुत्र्यांमध्येच जन्म मिळेल. पाशुपत पंथात तर लोकांकडून मुद्दाम अपमान ओढवून घेणं हा साधनेचा भागच होता. वेड्यासारखं वागायचं, शिव्या खायच्या आणि अहंकार झडू द्यायचा. डॅनियल इंगल्स या संस्कृतच्या अभ्यासकाने १९६२ मध्ये सिनिक आणि पाशुपत यांची तुलना करणारा लेख लिहिला. त्या पाशुपतांचा आचार्य लकुलीश याचं शिल्प घारापुरीच्या लेण्यांत आहे, मुंबईहून बोटीने तासाभरात पोचता येतं. पण दोघांत एक मोठा फरक राहतो. पाशुपताची साधना शिवाशी एकरूप होण्यासाठी होती. सिनिकाला इथल्या इथे, याच बाजारात, शहाण्यासारखं जगायचं होतं आणि बाकीच्यांनाही जागं करायचं होतं.

मग हा पंथ बिघडला कसा? रोमन साम्राज्यात पहिल्या-दुसऱ्या शतकात सिनिकांची संख्या वाढली. पोशाख सोपा होता: जाडी घोंगडी, काठी, झोळी, वाढलेली दाढी. डिओ क्रिसोस्टम हा वक्ता अलेक्झांड्रियातल्या भाषणात तक्रार करतो की चौकाचौकांत आणि देवळांच्या दारांत सिनिक पोरांना आणि खलाशांना जमवून टवाळी करतात, त्यामुळे लोक तत्त्वज्ञानालाच हसू लागले आहेत. ल्यूशन या उपहासकाराने अशा भोंदूंवर झणझणीत लिहिलं. पेरेग्रिनस नावाचा एक सिनिक इसवी सन १६५ मध्ये ऑलिंपियाच्या उत्सवात लोकांसमोर चितेत उडी घेऊन मेला, त्यालाही ल्यूशनने प्रसिद्धीलोलुप ठरवलं. एपिक्टेटस या स्टोइक तत्त्ववेत्त्याने एका तरुणाला बजावलं की घोंगडी आणि काठी घेतली म्हणजे सिनिक होत नाही. आधी स्वतःचं मन घासूनपुसून लख्ख करावं लागतं. चौथ्या शतकात सम्राट जुलियननेही आपल्या काळच्या अडाणी सिनिकांवर भाषण लिहिलं आणि त्यांना खऱ्या डायोजिनीजची आठवण दिली.

डायोजिनीजचं राहणं अवघड होतं आणि बोलणं नक्कल करायला सोपं. लोकांनी सोपं तेवढं उचललं. बर्फाने माखलेले पुतळे मागे राहिले आणि टोमणे पुढे गेले. याचा थोडा दोष त्याच्याकडेही जातो असं मला वाटतं. त्याने आपला विश्वास कृतीतून दाखवला आणि अविश्वास शब्दांतून. कृती त्याच्याबरोबर संपली, शब्द उरले.

इंग्रजीत हा शब्द आला तेव्हाच तो अर्धा रिकामा होता. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये कॅशियस एका आगंतुक कवीला सिनिक म्हणून हसतो, तिथे अर्थ उद्धट माणूस एवढाच. १७५५ च्या जॉन्सनच्या कोशात सिनिक हा गुरगुरणारा तत्त्ववेत्ता आणि माणूसघाणा आहे. मानवी हेतूंवरचा सार्वत्रिक अविश्वास हा आजचा अर्थ एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. फ्रेंच राज्यक्रांतीने मोठ्या आशा जागवल्या आणि मग रक्तपात दाखवला. त्या निराशेच्या काळात अशा शब्दाची गरज वाढली, असं मानायला जागा आहे. ऑस्कर वाइल्डच्या १८९२ च्या नाटकात सिनिक म्हणजे काय असा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर किंमत आणि मोल यांच्यातल्या फरकावर बेतलेलं आहे. म्हणजे खोटं नाणं पारखणाऱ्यांचा शब्द आता ज्याला खरं नाणंच उरलेलं नाही त्याच्यासाठी वापरला जाऊ लागला. जर्मन भाषेने यावर एक चांगली सोय केली आहे: प्राचीन पंथासाठी ‘क्युनिस्मुस’ आणि आजच्या वृत्तीसाठी ‘त्सुनिस्मुस’ असे दोन वेगळे शब्द. पीटर स्लोटरडाइक या जर्मन तत्त्ववेत्त्याने १९८३ मध्ये याच भेदावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. आजचा सिनिक सगळं कळूनसवरून तेच करत राहतो, हा त्याचा मुख्य आरोप आहे. व्यवस्था खोटी आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि तो तिच्यात बिनतक्रार नोकरी करतो. डायोजिनीज बाहेर पडला होता.

मानसशास्त्रज्ञांनी हा शब्द मोजपट्टीवर चढवला त्यालाही आता सत्तर वर्षं झाली. कुक आणि मेडली या दोघांनी १९५४ मध्ये पन्नास विधानांची एक चाचणी तयार केली. कोणत्या शिक्षकाचं विद्यार्थ्यांशी जमेल हे ओळखणं हा तिचा मूळ हेतू होता. लोकांवर मुळात विश्वास नसणाऱ्याला त्यात जास्त गुण पडतात. पुढे हीच चाचणी हृदयविकाराच्या संशोधनात वापरली गेली. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेताना ही चाचणी दिलेल्या २५५ डॉक्टरांचा पंचवीस वर्षांनी मागोवा घेतला, तेव्हा जास्त गुण असलेल्यांत हृदयविकाराचं प्रमाण जास्त निघालं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हे इतकं स्पष्ट दिसलेलं नाही, म्हणून यावरून कुणी घाबरून जाऊ नये.

त्याहून बोलका अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ओल्गा स्तावरोव्हा आणि डॅनियल एलेब्राख्त यांनी आधी लोकांना विचारलं की सिनिकल माणूस जास्त हुशार वाटतो का. बहुतेकांना तसं वाटत होतं. बुद्धीची कामं त्याच्यावर सोपवायला लोक तयार होते. मग त्यांनी तीस देशांतल्या सुमारे दोन लाख लोकांची माहिती तपासली. निष्कर्ष उलटा निघाला. जास्त सिनिकल असणाऱ्यांचे गुण बौद्धिक चाचण्यांत कमी होते. याला एक महत्त्वाची पुस्ती आहे: जिथे भ्रष्टाचार खरोखर बोकाळलेला आहे तिथे हुशार माणसंही लोकांवर कमी विश्वास ठेवतात. म्हणजे तल्लख माणूस परिस्थिती पाहून सावध होतो आणि सिनिक कुठेही असला तरी तसाच राहतो. हा फरक सांभाळला पाहिजे. फसवणुकीचे फोन रोज येत असताना भोळेपणाची शिफारस कुणी करणार नाही.

सिनिकला आपली चूक कळत का नाही, याचंही उत्तर संशोधकांनी शोधलं आहे. फेचेनहाउअर आणि डनिंग यांनी प्रयोगांत पाहिलं की अनोळखी माणसाला विश्वासाने पैसे दिले तर ते प्रामाणिकपणे परत करणाऱ्यांचं प्रमाण लोकांच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त असतं. मग अंदाज चुकतो कुठे? विश्वास टाकला आणि फसलो, तर ते लगेच कळतं आणि जन्मभर लक्षात राहतं. विश्वास टाकलाच नाही, तर समोरचा माणूस चांगला होता हे कधीच कळत नाही. अविश्वासाची चूक दिसत नाही म्हणून ती सुधारतही नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की आपली खात्री अनुभवातून आली आहे असं वाटू लागतं. खरं तर तो अनुभव आपण घेतलेलाच नसतो.

डायोजिनीज हा अनुभव रोज घेत होता. तो बाजारात राहायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडायचा, भीक मागायचा, म्हणजे रोज लोकांच्या देण्यावर जगायचा. माणसांवर मुळीच विश्वास नसलेल्याला असं जगता आलं नसतं. त्याचा रांजण एका पोराने फोडला, तेव्हा अथेन्सच्या लोकांनी त्या पोराला फटके दिले आणि याला नवा रांजण आणून दिला, अशीही एक गोष्ट आहे. शिव्या देणाऱ्या त्या शहराचं त्याच्यावर प्रेम होतं.

म्हणून ज्याला आपण आज सिनिकल म्हणतो, त्याला तो शब्द लावण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. या माणसाला खोट्याची चीड आहे, की खरं काही असतं हेच त्याला मान्य नाही? पहिल्या प्रकारची माणसं समाजाला हवी असतात आणि त्यांचं ऐकलं पाहिजे, मग ती कितीही तिखट बोलोत. दुसऱ्या प्रकारच्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. त्याला एखाद्या चांगल्या कामात सोबत नेलं तर कदाचित फरक पडेल. आणि मूळ सिनिक कसे होते हे पाहायची इच्छा झाली, तर डायोजिनीज लाएर्शिअसच्या ग्रंथाचा सहावा भाग इंग्रजी भाषांतरात सहज मिळतो. तो जरूर वाचा. क्रेटीज आणि हिपार्किया त्याच भागात भेटतील.